मोडक्या दाताची चकती

बोरिवलीला थंडी पडली असं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी म्हणालं की मला हसू येतं. थंडी म्हणजे काय, तर पहाटे पंखा एकवर करावा लागतो आणि नॅशनल पार्कच्या बाजूने जरा बरी हवा येते. तेवढ्यावर शेजारच्या काकू कानटोपी काढतात. यंदाही ती तशीच आली, दिवाळीच्या तोंडावर. आईने सोऱ्या काढायला सांगितला म्हणून मी स्टुलावर चढले. माळ्यावर हात घातला तर डब्याबरोबर गेल्या हिवाळ्यातली शाल खाली आली. झटकली आणि फरशीवर वाळू पडली. चिमूटभरच, पण बारीक, पिवळी. ती शाल मी धुतली होती हो, चांगली घासून धुतली होती. झाडू आणायला वळले तर आई म्हणाली, "ऱ्हवांदे गो जरा. घाई काय तुझी?"

आई ब्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, कान मात्र शाबूत. तिने खुर्चीतून वाकून त्या वाळूला बोट लावलं आणि ते बोट बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मी झाडू आणलाच नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्या वाळूचा विषय निघाला की आम्ही दोघी जपूनच बोलतो.

माझे बाबा भिंती जुन्या करायचे. हाच त्यांचा धंदा. गोरेगावच्या एका स्टुडिओत ते सेट उभारणाऱ्यांत होते. सुतार लाकडाचा सांगाडा उभा करायचे, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या घातलेलं प्लास्टर. मग बाबा पुढे व्हायचे. सकाळी पांढरीफेक असलेली भिंत संध्याकाळी शंभर वर्षांची दिसली पाहिजे. त्यासाठी चहाचं पाणी, कोळशाची पूड, गेरू, काव, काय काय चालायचं. ओल कुठून चढते, पोपडा कसा सुटतो, दिव्याची काजळी कोनाड्याच्या कुठल्या कडेला धरते, याच्याकडे त्यांचं सतत लक्ष. कुणाच्या लग्नाला गेलो तरी ते मांडवात नसायचे. मागच्या बोळात एखाद्या भिंतीवर हात फिरवत उभे असायचे. एकदा माझ्या मामाच्या घरी जाऊन त्यांनी कौतुकाने सांगितलं, "काय झकास ओल आलीय तुमच्याकडे." मामा वर्षभर बोलला नाही आमच्याशी.

शाळेत मी सांगायचे, माझे वडील स्टुडिओत असतात. पोरींना वाटायचं, हिरोंबरोबर जेवतात. जेवायचे ते गोणपाटावर बसून, आईने दिलेली चपाती आणि सुकटीची चटणी.

आणि केलेलं काही टिकायचं नाही. शूटिंग संपलं की सेट तोडायचा, हा नियमच. दिवस उजाडला की माणसं यायची, दुपारपर्यंत राजवाडा ट्रकमध्ये. त्या दिवशी बाबा कामावर जायचे नाहीत. घरी बसून पेज प्यायचे आणि कुणाशी धड बोलायचे नाहीत. आम्हाला कळायचं, आज तोडतायत. तेव्हा पिक्चर करणाऱ्यांच्या नावांच्या पाट्या सुरुवातीला यायच्या, म्हणून आई आम्हाला मालाडच्या थिएटरात दारं उघडायच्या आधी नेऊन उभी करायची. पाट्या सुरू झाल्या की ती श्वास रोखून बघायची. बाबांचं नाव कधी आलं नाही. ती म्हणायची, "बारीक असेल. पटकन गेलं."

ती स्वतः त्यांचं नाव घ्यायची नाही, ही आणखी एक गंमत. 'हे' आणि 'ह्यांनी', बस. रेशनच्या दुकानात, बँकेत, शेवटी हॉस्पिटलात, कुणी नाव विचारलं की मला कोपराने पुढे ढकलायची. हळदीकुंकवाला बायका अडून बसल्या तर उखाण्यात घ्यायची, तेही पदर तोंडाला लावून. उघडं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

मी चौथीत असताना बाबा एका पिक्चरसाठी राजस्थानात गेले. जैसलमेरच्या पुढे, वाळवंटात. आख्खा हिवाळा तिकडे. आमच्या गोरेगावच्या चाळीतला तो हिवाळा मला लख्ख आठवतो. नळावर सकाळी वाफा निघायच्या तोंडातून. आई स्टोव्हजवळ बसवून मला पाढे म्हणायला लावायची. बाबांची पत्रं यायची ती दोन ओळींची, आणि त्यातही भिंतींविषयी. इथे पाऊस नाही, त्यामुळे ओल नाही, त्यामुळे जुनं कसं दाखवायचं समजत नाही, असं काहीतरी. आई वाचून म्हणायची, "पोरीची चौकशी नाय, बायकोची नाय. ओलीची काळजी."

आता चकतीचं सांगते, कारण सगळं त्या चकतीपाशी येऊन थांबतं. आमच्या घरातली कुठलीही वस्तू सेटवर जायची. करंजीचं कातण जायचं, कारण ओल्या प्लास्टरवर फिरवलं की झकास नागमोडी रेघ उठते. किसणी जायची. माझी फणी गेली होती. त्या हिवाळ्यात बाबांनी सोऱ्याची चकलीची चकती नेली. विचारून नेली असं नाही. पितळेची चकती, मध्ये चांदणीच्या आकाराचं भोक. त्या चांदणीचा एक दात मोडलेला होता. अडकलेलं पीठ काढताना बाबांनीच पेचकस घालून मोडला होता. त्यामुळे चांदणीच्या दोन पाकळ्या एकमेकींत मिसळून एक जाडी पाकळी झाली होती, आणि आमच्या चकलीला एका अंगाला जाड वळ यायचा. दिवाळीत चाळीत फराळाची ताटं फिरायची, दहा घरच्या चकल्या एका ताटात यायच्या, तरी लोक बरोबर ओळखायचे. "ही परबांची." आईला तेव्हा त्याची लाज वाटायची. नवी चकती आणा म्हणून ती बाबांच्या मागे लागली होती.

बाबा परत आले ते चकतीशिवाय. "असेल कुठेतरी," म्हणाले आणि मालाडच्या बाजारातून नवीन आणून दिली. पुढच्या दिवाळीपासून आमची चकली चारी बाजूंनी सारखी, काटेरी, देखणी. कुणी ओळखली नाही. आई म्हणाली, "कुणाचीपण वाटते ही." आणि मग जुन्या चकतीवरून तिने त्यांना जन्मभर ऐकवलं.

बाबा जाऊन खूप वर्षं झाली. मी शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्त झाले, आणि हातात वेळ आला तेव्हा आईने आपली इच्छा सांगितली. काशी नको, रामेश्वर नको. हे जिथे एक हिवाळा राहिले ते वाळवंट बघायचं. म्हटलं, आई, तुझे गुडघे. ती म्हणाली, "वाळू मऊ असते."

म्हणून गेल्या हिवाळ्यात बोरिवली-कांदिवलीच्या ज्येष्ठांची एक बस घेऊन जाणाऱ्या टूरमधून आम्ही गेलो. वाळवंटात सकाळी कांदेपोहे आणि दुपारी वरणभात, कारण स्वयंपाकी बरोबर. ढेकर देत देत लोक उंटावर बसत होते. मी इतिहासाची बाई, त्यामुळे मला किल्ल्याचं जास्त. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी ओसाड गावं दाखवायला नेलं आणि तिथे मी हबकले.

मोडकी घरं बघायची मला सवय आहे. आमच्या आजूबाजूला दर महिन्याला एक बिल्डिंग हिरव्या कापडात गुंडाळली जाते आणि नाहीशी होते. गोरेगावची आमची चाळ अशीच गेली. तिच्या जागी टॉवर आहे, आणि नळ नेमका कुठे होता हे आता मला दाखवता येत नाही. इथे उलटं होतं. घरं जागच्या जागी होती. उंबरे होते, कोनाडे होते, चुलीमागची काजळी होती, जात्याची जागा होती. छप्पर तेवढं नव्हतं आणि माणसं नव्हती. गल्ल्या आपल्या सरळ, एकीला एक काटकोनात, जणू लोक बाजारात गेलेत आणि येतील. सगळीकडे मधाच्या रंगाचा दगड. वारा एका दारातून शिरायचा आणि दुसऱ्यातून निघायचा. बसमधली बडबडी मंडळी आपोआप गप्प झाली. मी एका घरात शिरून वर बघितलं तर डोक्यावर निळं आभाळ, आणि मला एकदम रडू आलं. का, ते माझं मलाही कळलं नाही.

अर्धं गाव तसंच पडलेलं आणि एक गल्ली दुरुस्त केलेली. त्या गल्लीत पाऊल टाकलं तेव्हा दुसरा धक्का. सगळं नीट, कोरं, कडा धारदार. झरोके नवे, ओटे नवे. एका बाजूला खरी पडझड आणि तिला लागून हे असं, चांगल्या चेहऱ्याला नको इतकी पावडर लावावी तसं. माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. कुठलं जुनं, कुठलं नवं, पाटीवर लिहायला नको? पोरं येणार, बघणार, त्यांना कसं कळणार? गाइड पोरगा तरुण होता, शहरातला. त्याला हे पटलं नाही. "मॅडमजी, सब असली है," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. त्याची गोष्ट पाठ होती. एका रात्रीत गाव उठलं, शाप दिला, वगैरे. आईने त्याला मध्येच विचारलं, "और चूल्हा भी लेके गया क्या?" तिचं हिंदी तसंच आहे.

गल्लीच्या टोकाला एक उंच भिंत होती, अर्ध्या पडलेल्या घराला टेकलेली. तिच्यापुढे दोर बांधलेला. गाइडने आवाज खाली आणला. हे गावातलं सगळ्यात जुनं घर, म्हणाला. मुखियाचं. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक पट्टा होता नक्षीचा, गोल वर्तुळं ओळीने, प्रत्येकात एक फूल. "देखिए, हर फूल की एक पंखुड़ी मोटी है. दो भाई थे. कभी अलग नहीं हुए. उनकी निशानी."

मी मान डोलावली आणि फोटो काढायला मोबाइल वर केला. आई दोराखालून वाकून पलीकडे गेली होती. या बाईला पायरी चढायला माझा हात लागतो. गाइड "माताजी, माताजी" करत धावला. आईने एका फुलावर बोट ठेवलं, जाड्या पाकळीवर. मग पुढच्या फुलावर, मग त्याच्या पुढच्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं चक्कर येतेय.

"गो," ती म्हणाली, "ही आमची चकती."

मला आधी काही समजलंच नाही. मग दिसलं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. चकलीच्या चकतीएवढं वर्तुळ, मध्ये चांदणी, आणि तो मोडका दात, प्रत्येक वेळी त्याच जागी. मी दोन बोटं वाकवून भिंतीवर ठोकलं. बाबा सेटवर नेत तेव्हा मी अशीच ठोकून बघायचे. आवाज पोकळ आला. दगडाचा आवाज तसा येत नाही.

बाबांचा सेट. तोडायचा राहिला होता. पावसाशिवायच्या त्या मुलुखात, खऱ्या भिंतीला चिकटून, तो आमच्या चाळीपेक्षा जास्त जगला होता. वर कुणीतरी पुन्हा चुना काढला होता, दोर बांधला होता. सकाळ-दुपार बसगाड्या येऊन त्याला नमस्कार करून जात होत्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण परत फिरताना मी दुरुस्त केलेल्या गल्लीकडे नीट बघितलं आणि जागच्या जागी थांबले. प्रत्येक नव्या ओट्यावर, प्रत्येक दारावर, दगडात कोरलेली तीच फुलं. मोठी, खोल, सुबक. आणि एकूण एक फुलाला एक पाकळी जाडी. आमच्या घरातल्या पेचकसाची करामत त्या गावाने दगडात उतरवून घेतली होती.

तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं. "आजी, बरं वाटतंय ना? बसा इथे." हेल्मेट घातलेली, धुळीने माखलेली एक मुलगी, पंचविशीची. नाव श्रुती, मुलुंडची. डागडुजीचं काम बघणाऱ्या चमूत ती होती, आणि या गल्लीची नक्षी तिच्याकडे होती. वाळवंटात मुलुंड भेटलं म्हणून तिला कोण आनंद झाला. तिने आईला पाणी दिलं, सावलीत बसवलं. आईने तिला विचारलं, "गो, तू चकली करतेस?"

"मी? नाही हो आजी. आम्ही विकत आणतो. आई सकाळी सातला ऑफिसला जाते." मग हसून म्हणाली, "चकली का आठवली एकदम?"

"असंच. भूक लागली."

मुलगी चांगली होती आणि हुशार होती. तिनेच सांगितलं, "ही शेवटची भिंत मला खटकते, काकू. नक्षी खरी धरून आम्ही सगळीकडे तीच घेतली. पण भिंतीचा आवाज बरोबर नाही. पुढच्या सीझनला उघडून बघू या म्हणून मी मागे लागलेय. नंतरची भर निघाली तर काढून टाकावी लागेल." मग माझ्याकडे वळली. "आजी म्हणाल्या, तुम्ही इतिहासाच्या बाई. तुम्हाला काय वाटतं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, उघडलं होतं. जन्मभर पोरांना हेच शिकवलं की पुरावा दिसला की बोलायचं, आवडो न आवडो. आईने माझा दंड धरला आणि असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "तिला काय कळतंय," आई म्हणाली. "तिचा विषय शिवाजी महाराज."

बसमध्ये आम्ही भांडलो. कुजबुजत, कारण पुढे अंताक्षरी चालू होती. मी म्हटलं, आई, हे खोटं आहे. ही मुलगी चुकतेय, तिला सांगायला हवं. लोक दोन भावांची गोष्ट ऐकून जातायत आणि ते माझ्या बाबांचं काम आहे. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"सांगशील, मग काय करतील?"

"पाडतील," मी म्हटलं.

"मग?"

"पण नाव तरी लागेल ना बाबांचं."

"पाडलेल्याला नाव लावून काय करू?" ती म्हणाली. "ह्यांचं सगळं तुटलं. एवढं एक उभं आहे. ऱ्हवांदे दुसऱ्याच्या नावाने."

गप्प बसले तर ती भिंत उभी राहणार, निदान कुणी उघडून बघेपर्यंत, मेलेल्या मुखियाची म्हणून. बोलले तर ती बाबांची होणार, आणि त्याच दिवशी पडणार. मधलं काही नव्हतंच. घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. भाजी निवडताना, गच्चीवर फेऱ्या मारताना, मनातल्या मनात मी श्रुतीला फोन लावायचे आणि ठेवून द्यायचे. तिने नंबर दिला होता. अधूनमधून 'आजी कशा आहेत' असा मेसेज टाकायची. आजी मस्त, मी लिहायचे.

आणि राहून राहून मला बाबांचा राग यायचा. एकदा तरी बोलायचं होतंत. घरी येऊन नुसतं म्हणायचं होतंत, तुझी चकती मी तिकडे भिंतीला लावून आलोय. आईने शिव्या दिल्या असत्या, पण दुसऱ्या दिवशी चाळभर सांगत फिरली असती. मग वाटायचं, त्यांना काय माहीत. त्यांच्या हिशेबी ती भिंतही आठवड्याभरात ट्रकमध्ये जाणार होती. ते नेहमीसारखे पेज पिऊन गप्प बसले असतील, आणि तिकडे ती तुटलीच नाही.

तर यंदाची ही थंडी. शाल माळ्यावर परत गेली, भाजणी दळून आली. आई खुर्चीत बसून सोऱ्याला तेलाचं बोट लावत होती तेव्हा माझा मोबाइल वाजला. श्रुतीने फोटो पाठवला होता. दोराच्या मागे भिंत नव्हती. नुसतं आभाळ, आणि खाली ढीग. ढिगात गोणपाट, काथ्या, वाळकी लाकडं. खाली मेसेज होता, मोठा.

मी आईला वाचून दाखवला. लपवून उपयोग नव्हता. काकू, माझा संशय खरा निघाला, तिने लिहिलं होतं. ही कुठल्यातरी जुन्या पिक्चरची भिंत होती, म्हणून काढली. पण नक्षी वाया गेली नाही. आमच्या चमूचं मत असं पडलं की सेटवाल्यांनी ती गावातल्याच एखाद्या खऱ्या घरावरून उतरवून घेतली असणार. ते घर आता पडून गेलं. म्हणजे मूळ नक्षीचा एकमेव पुरावा आता आमच्या गल्लीतच उरलाय. मी दिवाळीला घरी येतेय. भेटू या?

भिंत गेली ती गेली, आणि खोट्याला आता पुरावा म्हणायला लागले. आई रडेल असं मला वाटलं होतं. तिने तो ढिगाचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. काथ्या ओळखला असावा तिने. फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "पक्कड आण."

"कशाला?"

"आण सांगतेय ना."

तिने सोऱ्यातून चकती काढली. मालाडच्या बाजारातली, इतक्या दिवाळ्या वापरलेली. एक दात पकडीत धरला. पक्कड निसटली, जमेना. मी पुढे झाले तर मला ढकललं. शेवटी कट्‌ असा बारीक आवाज आला आणि दात तिच्या मांडीवर पडला. मग तिने चकल्या पाडल्या. पहिलीच कढईतून वर आली तिला एका अंगाला जाड वळ. मी तो वळ चौथीत असताना शेवटचा बघितला होता.

"आता चालेल," आई म्हणाली. "भिंत होती तोवर गप्प बसले. आता कोणासाठी बसू?"

डबा भरून मीच मुलुंडला दिला, श्रुतीच्या आईच्या हातात. चिठ्ठी घातली नाही. आई म्हणाली, पोरगी हुशार आहे, खाताना बघेल.

भाऊबीजेच्या दुपारी फोन आला. मी स्पीकरवर टाकला. पलीकडे नुसता श्वास, मागे कुकरच्या शिट्ट्या. मग ती म्हणाली, "आजी, ही चकली." आणि थांबली. "आजी, मी हे दगडात कोरून घेतलंय हो. पाच घरांवर. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला तेव्हाच..."

"ह्यांनी केलेली भिंत तेव्हा उभी होती ना बाय," आई म्हणाली.

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मला वाटलं ही आता रडणार, नाहीतर फोन आपटणार, आणि तिचं काही चूक नव्हतं. मी सारवासारव करायला तोंड उघडलं तर तीच बोलली, हळू आवाजात. "तो दगड आता काढता येणार नाही, आजी. ते तसंच राहणार. पण मला खालची पाटी बदलायचीय. भांडावं लागेल, भांडेन. आजोबांचं नाव काय होतं?"

आईने सवयीने माझ्याकडे बघितलं. कोपर उचललं सुद्धा. मी पुढे झाले, नाव माझ्या जिभेवर आलं होतं. तिने कोपर खाली घेतलं. फोन दोन्ही हातांनी उचलला, तोंडाजवळ नेला. पदर खांद्यावरच राहिला.

"दत्ताराम," आई म्हणाली. "दत्ताराम गोविंद परब. नीट लिही गो, मोठ्या अक्षरात."